परतीचं तिकीट

आमची लेक जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणाला आईनं यावं अशी तिची इच्छा होती, आणि आईची तर होतीच. सुलतानपूर हे लोणारच्या वाटेवरचं आमचं गाव. तिथून उठून बाईनं परदेशी बाळंतपण काढायला जायचं, ही आमच्या घरातली पहिलीच वेळ. मी तीन आठवडे राहणार होतो, बायको तीन महिने. तिकिटाचे पैसे कसेबसे जमले, पण त्याआधी कागद जमवावे लागले.

एजंटानं यादी दिली. लेकीचं निमंत्रणपत्र, बँकेच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, तीस हजार युरोचा प्रवास-विमा, माझ्या साहेबांच्या सहीचं रजेचं पत्र आणि परतीच्या तिकिटाचं आरक्षण. शिवाय त्यानं आपल्या अनुभवातून एक सल्ला दिला, ‘‘सर, सातबारा लावा. जमीन असलेला माणूस परत येतो.’’ मी वडिलोपार्जित दोन एकर आठ गुंठ्यांचा सातबारा काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि फाईलला लावला. युरोपातल्या या देशांचा साधा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच असतो, हेही तेव्हा कळलं. ‘‘पहिलटकरणीला नव्वद दिवस पुरतात का, हे त्या साहेबाच्या आईला विचारा,’’ असं आमच्या घरातून सुनावण्यात आलं. साहेबाला अर्थातच मी ते सांगितलं नाही.

व्हिसा मिळाला. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि पुन्हा तेच विचारलं, परतीचं तिकीट आहे ना? तिचा दोष नव्हता. प्रवाशाला तिकडच्या सरकारनं आत घेतलं नाही, तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीच्या गळ्यात पडतो, अनेक देशांत वर दंडही होतो. म्हणून कंपन्या आधीच खात्री करून घेतात. बायको मात्र हिरमुसली. ‘‘वापस नाही येणार तर जाऊ कुठं?’’ असं ती म्हणाली आणि मला एकदम माझी दादी आठवली.

दादी आमच्या पणजोबांची गोष्ट सांगायची. त्यांना घरात ‘बडे अब्बा’ म्हणत. तिची गोष्ट नेहमी एकाच वाक्यानं सुरू व्हायची, ‘‘बडे अब्बा गये, वो आये नहीं. तिकट आया.’’ लहानपणी मला हे कोडं वाटायचं. माणूस न येता तिकीट कसं येतं? पुढं पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा त्याचा उलगडा झाला. आज सांगायची आहे ती गोष्ट या तिकिटाची.

हजला जाणाऱ्या हिंदी माणसाकडून परतीचं तिकीट कायद्यानं मागितलं जाऊ लागलं ते १९२५ सालापासून. पण मागणी त्याच्या साठ वर्षं आधीची. १८६५ साली मक्केत हजच्या दिवसांत पटकीची मोठी साथ आली. हजारो माणसं मेली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर रोग इजिप्तमार्गे युरोपात शिरला. युरोपातली सरकारं हादरली. १८६६ साली इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिथं बोट दाखवलं गेलं ते हिंदुस्थानातून येणाऱ्या गरीब यात्रेकरूंकडे. जावा-सुमात्रावर तेव्हा डच राज्य होतं. डचांनी १८५९ मध्येच नियम केला होता की जाण्यायेण्याचा आणि मागं राहणाऱ्या कुटुंबाचा खर्च भागेल एवढी ऐपत दाखवल्याशिवाय हजचा परवाना नाही. तसंच इंग्रजांनी करावं, असा आग्रह सुरू झाला.

इंग्रजांनी ते लगेच केलं नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. १८५७ ची धग अजून विझली नव्हती. रयतेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात म्हटलेलं होतं. गरीब मुसलमानाला बंदरावर अडवलं तर काय होईल, याची सरकारला धास्ती होती. त्यामुळे १८८० नंतर उस्मानी सरकार पासपोर्ट मागू लागलं, तेव्हा इथून यात्रेकरूला फुकट पास दिला जाऊ लागला; मात्र खिशात किती आहे, हे विचारलं जात नव्हतं.

आणि खिशात फारसं काही नसायचं. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या. मुंबईच्या बंदरात कंपन्यांची आणि दलालांची चढाओढ लागली. जायचं भाडं पाडलं जाई, कारण गिऱ्हाईक मिळवायचं असे. जिद्द्याहून यायचं भाडं मात्र चढं, कारण तिथं अडकलेला माणूस जाणार कुठं? एसटी स्टँडवर जाताना रिक्षावाला वेगळं भाडं सांगतो आणि रात्री बाराला वेगळं, तसलाच हा हिशेब. वाटेत पैसे संपलेले, आजारी पडलेले, लुटले गेलेले हिंदी यात्रेकरू जिद्द्याच्या रस्त्यांवर भीक मागत दिवस काढत. सरकारी कागदांत त्यांना एक नावच पडलं होतं, ‘भिकारी यात्रेकरू’.

त्यांचे हाल अगदी जवळून पाहिलेला एक माणूस म्हणजे डॉ. अब्दुर रज्जाक. हिंदी मुसलमान, पेशानं डॉक्टर. १८७८ मध्ये सरकारनं त्यांना यात्रेकरूंबरोबर पाठवलं आणि १८८२ पासून ते जिद्द्यात इंग्रजांचे उपवकील म्हणून राहिले. आपल्या लोकांची उपासमार, रोगराई, फसवणूक यांच्या नोंदी त्यांच्या अहवालांतून येतात. इंग्रज सरकारला त्यांच्याकडून तिथल्या राजकारणाची खबरही हवी असायची, हेही खरं. १८९५ साली जिद्द्याच्या वेशीबाहेर बेदुइनांच्या हल्ल्यात ते मारले गेले. या माणसावर मराठीत कुणीतरी लिहायला हवं, असं मला फार वाटतं.

यात्रेकरूंची व्यवस्था लावायला सरकारनं १८८६ मध्ये चक्क थॉमस कुक कंपनीला नेमलं. तीच ती, साहेबलोकांना इजिप्तचे पिरॅमिड दाखवणारी. रेल्वेच्या गावापासून जिद्द्यापर्यंतचं आणि परतीचं तिकीट तिनं विकायचं, असं ठरलं. कल्पना चांगली होती. पण परतीच्या तिकिटाची सक्ती नव्हती, आणि मुंबईच्या दलालांचा धंदा इतक्या सहजी कोण सोडणार? सात-आठ वर्षांत कुक कंपनीनं हात टेकले. पुढं १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये हजला जाणंच बंद ठेवलं गेलं, आणि भिकारी यात्रेकरूचा प्रश्न तसाच पडून राहिला.

याच काळात जगात इतरत्र काय चाललं होतं, तेही पाहावं. १८८२ साली अमेरिकेनं कायदा केला की स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या, सरकारवर भार होईल अशा माणसाला उतरू द्यायचं नाही आणि त्याला परत नेण्याचा खर्च जहाजाच्या मालकानं सोसायचा. विमानतळावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं एक मूळ या कायद्यात सापडतं. १९०८ मध्ये कॅनडानं तर कमाल केली. ज्या देशाचे तुम्ही, तिथूनच काढलेल्या सरळ तिकिटावर, मध्ये कुठंही न थांबता आलात तरच उतरता येईल. शिवाय आशियाई माणसाकडं दोनशे डॉलर हवेत. हिंदुस्थानातून तसं सरळ तिकीट मिळणार नाही, याचीही तजवीज केली गेली. कायद्यात हिंदी माणसाचं नाव कुठंच नव्हतं, नुसत्या तिकिटानं काम भागलं. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोचलं, दोन महिने समुद्रात उभं राहिलं आणि जवळजवळ सगळ्यांना घेऊन परत फिरवलं गेलं.

हजचं तिकीट मात्र वेगळ्या कारणानं सक्तीचं झालं. १९२४ मध्ये हिजाजमध्ये लढाई पेटली. इब्न सौदच्या फौजांनी मक्का घेतली, पुढच्या वर्षाच्या अखेरीला जिद्दाही पडलं. अडकलेल्यांना आणायचा खर्च पुन्हा सरकारवर आला. १९२५ साली जहाजवाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. यात्रेकरूनं एकतर जाण्यायेण्याचं तिकीट काढायचं किंवा परतीच्या भाड्याची रक्कम आधी अनामत ठेवायची. त्याशिवाय जहाजावर पाय ठेवायचा नाही. एखाद्याची अडचण खास असेल तर अधिकाऱ्यानं सूट द्यायची, एवढी फट ठेवलेली होती.

यावर मुसलमानांतही दोन मतं होती. कुराणानं हज फर्ज केला तो ज्याला तिथवर पोचण्याची ऐपत आहे त्याच्यावर. तेव्हा सरकार नवीन काय मागतंय, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू विचारी की अल्लानं घातलेल्या अटीचा निवाडा करायला बंदरावरचा कारकून कोण? तिसरा मुद्दा निव्वळ व्यवहाराचा होता आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. परतीचं तिकीट एका कंपनीचं काढलं की माणूस त्या कंपनीचा बंदा झाला. तिचं जहाज येईपर्यंत जिद्द्याच्या उन्हात बसायचं. शेजारी दुसऱ्या कंपनीचं स्वस्त जहाज उभं असलं तरी उपयोग नाही.

शिवाय एक गोष्ट कायद्याच्या भाषेत बसणारी नव्हती. आपल्याकडं पंढरीची वारी आहे. वारी म्हणजे फेराच. माणूस परततो, कारण पुढच्या आषाढीला पुन्हा जायचं असतं. हज आयुष्यात एकदा. म्हातारी माणसं निघताना कर्ज फेडत, भांडणं मिटवत, गावभर माफी मागत फिरत आणि सोबत कफनाचं कापड नेत. त्या मातीत मरण आलं तर नशीब समजत. अशा माणसाला ‘परत येणार का’ असं विचारलं की तो काय सांगणार? सरकारला त्यात भिकारी दिसला, घरच्यांना मात्र पुण्य पदरात पडायला निघालेला बाप दिसत होता.

मला विचाराल तर कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जिद्द्याच्या फुटपाथवर तापानं मरणाऱ्याला नशीबवान म्हणणं घरी बसलेल्यांना सोपं असतं. पण भाडं कमी करणं, जहाजं सुधारणं, दलालांना वठणीवर आणणं ही कामं अवघड होती. गरिबाकडून आगाऊ पैसे घेणं सोपं होतं, म्हणून ते आधी झालं. भाडी खरोखर उतरली ती १९३७ मध्ये, सिंदिया कंपनी हजच्या वाहतुकीत उतरली तेव्हा. ही कंपनी काढणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. वर्षानुवर्षं या वाहतुकीवर पकड ठेवून बसलेल्या, मोगल लाईन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी व्यवस्थापनाच्या कंपनीशी त्यांची अशी जुंपली की दोघांनीही भाडी पाडली. यात्रेकरूंच्या सुटकेला त्या वर्षी धावून आला तो एक जैन व्यापारी.

आमच्या बडे अब्बांना तो फायदा मिळाला नाही. ते १९३४ मध्ये गेले. कापसाचे भाव पडलेले ते दिवस. त्यांनी दीड एकर जिरायत विकली, त्यात परतीच्या भाड्याचाही हिस्सा होता. रमजान ईद झाली आणि बैलगाडीनं मेहकरवरून खामगाव गाठलं. खामगावहून जलंबला जाणारी आगगाडी १८७० पासूनची, कापसासाठी टाकलेली. तिथून मुंबई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, देवीची लस, पटकीची सुई, पास, तिकीट आणि एक कागद.

त्या कागदावर घरात पुढं बरंच रामायण झालं. कायद्यात अशी तरतूद होती की यात्रेकरू तिकडं मरण पावला तर परतीच्या भाड्याची रक्कम त्यानं आधी लेखी नेमलेल्या माणसाला परत मिळावी. तुमच्यामागं पैसे कुणाला द्यायचे, असं तिथल्या कारकुनानं विचारलं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की थोरल्या मुलाचं नाव लागलं असेल. बडे अब्बांनी अंगठा उठवला तो मुलीच्या नावापुढं. ती विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली होती. अब्बांची ती फुप्पी, आम्ही तिला फुप्पीदादी म्हणायचो.

जहाजानं पंधरवडाभर प्रवास करून, वाटेत कामरान बेटावर आरोग्य तपासणीचे दिवस काढून ते पोचले. त्या वर्षी हज मार्चअखेरीस आला. हज झाला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बडे अब्बा वारले. मक्केतच दफन झाले. बातमी आली ती चिखलीकडच्या एका हाजींबरोबर, दोन महिन्यांनी. त्यांनी झमझमचं पाणी, तसबीह आणि दुमडून ठेवलेलं ते तिकीट आणून दिलं. पुढं अर्ज झाले, मेहकरच्या तहसील कचेरीत जबाब झाले, आणि वर्षाच्या आत पैसे आले. थोरल्या आजोबांनी सही करायला बहिणीला कचेरीत नेलं खरं. पण परतताना गाडीत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, असं दादी सांगायची. त्यांचंही मला समजतं. विकलेली जमीन त्यांच्या वाट्याची होती.

फुप्पीदादीनं त्या पैशांतून खामगावच्या बाजारातून शिवणयंत्र आणलं. तेव्हा सुलतानपुरात दर्जी होते, पण बाईच्या हाताखालचं ते पहिलंच यंत्र. तिनं त्यावर कुणबिणींच्या चोळ्या शिवल्या, मुसलमान बायकांचे बुरखे शिवले, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवल्या. माझा पहिला ईदचा कुर्ता तिच्या हातचा. आठवतो तो एवढ्याचसाठी की खिसा ठेवायला ती विसरली होती आणि ईदी कुठं ठेवायची म्हणून मी रडलो होतो. भावाशी बोलणं मात्र सुरू झालं ते त्याच्या मुलीच्या लग्नाचे कपडे शिवायची वेळ आली तेव्हा.

स्वातंत्र्यानंतरही हा नियम लगेच गेला नाही. १९५८ च्या नव्या कायद्यात यात्रेकरूंच्या जहाजांचं प्रकरण होतं आणि त्यात परतीच्या तिकिटाची अटही होती. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हजच्या खास नोटा काढल्या, दहाच्या आणि शंभराच्या. त्या भारतात चालत नसत. म्हणजे तिकिटाबरोबर आता पैशालाही परतीची वाट आखून दिली गेली. बोटीचा हज १९९५ पर्यंत टिकला. मुंबईहून जिद्द्याला गेलेलं शेवटचं जहाज ‘अकबर’. पुढं सगळेच विमानानं जाऊ लागले; हज कमिटीच्या विमानात जाण्यायेण्याचं भाडं एकत्रच घेतात, तेव्हा वेगळी सक्ती करायची गरजच उरली नाही. हाजींसाठीचा तो खास पासही गेला. २००९ पासून त्यांनाही सगळ्यांसारखा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागतो.

जर्मनीत नातू झाला. बायको अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी परतली, दोन दिवस हातात राखून, कारण उशीर झाला तर पुढच्या वेळी व्हिसा मिळायचा नाही, हे जावयानं बजावलं होतं. बाळाचा चाळिसावा तिच्या हातून झाला, दात मात्र फोनवर पाहिला. तिला आणायला मी मुंबईला गेलो होतो. मेहकरला उतरून घराकडं येताना ती म्हणाली, पुढच्या खेपेला सातबारा तुमचा लावू नका, माझ्या नावावर काहीतरी करा, म्हणजे मला माझ्या कागदावर जाता येईल. मी हो म्हटलंय. सध्या तलाठ्याकडं खेटे घालतो आहे.

शिवणयंत्र मेहकरला माझ्या चुलतबहिणीकडं आहे. पट्टा नवा आहे, लाकडी पाट बदललाय. चालतं अजून.